पडद्यावर उतरलेलं पोट

असोद्यात मोतीलाल महाराजांच्या मांडवात बाया सकाळपासून उपाशी बसायच्या. मांडवात देव नव्हता, टीव्ही होता. महाराज पोटावर जेल चोपडायचे, सोनोग्राफीचा दांडा टेकवायचे, की पडद्यावर चरबीचा जाड थर दिसायचा. मग डोळे मिटून मंत्र पुटपुटायचे आणि थर पातळ व्हायचा. घाम न गाळता बारीक व्हायला कोणाला नको असतं?

आमच्या शेजारच्या धुरपदाबाई अंगानं जाड. लोक भर बाजारात पोटावरून बोलायचे, म्हणून त्या दर सोमवारी तिथे जात. पडद्यावर थर उतरत होता आणि इकडे परकराची नाडी पुरेनाशी झाली होती. मी तसं म्हणालो, तर त्यांनी महाराजांचं उत्तर ऐकवलं: चरबी जायच्या आधी पोटाच्या दाराशी गोळा होते. काय ही अक्कल! दवाखान्यात चला म्हटलं, तर चिडल्या.

"म्या माह्या डोयानं पाह्यलं, भाऊ. टीव्हीत दिसलं ते खोटं कसं राहीन?"

पुढे धाप लागू लागली, तेव्हा नवऱ्यानं, बन्सीलालनं, त्यांच्या भाचीला जळगावहून बोलावलं. डॉक्टर चारुलता रोज सोनोग्राफीच करते. ती थेट मांडवात गेली. परक्या हातानं यंत्र जळेल, असं महाराज म्हणत राहिले. तिनं दांडा उचलला आणि बन्सीलालच्या ढेरीवर ठेवला. हलका टेकवला, थर जाड. दाबला, थर पातळ. हात सैल केला, पुन्हा जाड.

"चरबी मऊ असते, दाबली की चपटी होते," ती म्हणाली. "मोजताना आम्ही दांडा जेमतेम टेकवतो. आणि घातक चरबी असते ती आत, आतड्यांभोवती. तिकडे यांनी पाहिलंच नाही."

महाराजांची शक्ती बाईच्या हातात उतरली, असं मागून कोणीतरी म्हणालं. मला हसू आलं नाही.

मग तिनं मावशीला झोपवून दांडा ओटीपोटाकडे नेला. पोटात पाणी भरलं होतं. अंडाशयात मोठी गाठ होती.

महाराजांच्या यंत्राची नोंदणीही नव्हती. पोलीस यायच्या आत ते पसार झाले. धुरपदाबाईंची गाठ पसरली होती, शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. दवाखान्यात त्यांनी मला विचारलं, "मंग पह्यल्या दिशीबी ती गाठ आत व्हती का?"

होती, असं मी सांगितलं. खोटं बोलवलं नाही.

त्या गेल्या. दहाव्याला मांडवातल्या बाया आल्या होत्या, आणि त्यातल्या दोघी महाराज आता शिंदखेड्यात कुठे बसतात ते विचारत होत्या. मला भयंकर राग आला.

बायांनो, पोट जरूर तपासून घ्या. यंत्र खोटं नसतं. पण ते धरणारा काय शिकलाय, हे विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवा. जो विचारू देत नाही, त्याच्या मांडवातून उठून घरी या.