झंदांचा एकच शब्द

गुरुवारी संध्याकाळी फाशांचा शेवटचा डाव संपला की फर्रुखजाद खान झंद म्हणत, "जेवूनच जा, अर्दवान." अर्दवान टोपी उचलत आणि म्हणत, "नको, सरकार. घरी वाट पाहत असतील." त्यांच्या घरी वाट पाहणारे कोणीही नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते.

तरीही उत्तर बरोबर होते. पहिल्याच आग्रहाला होकार देणारा माणूस शिराझमध्ये हावरा ठरतो. पाहुण्याने दोनदा नाही म्हणायचे, यजमानाने तिसऱ्यांदा हात धरायचा आणि मगच पाहुण्याने 'तुमच्या शब्दाबाहेर कसा जाऊ' म्हणत बूट काढायचे. भाजीवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांचे असेच चालते. अडचण फक्त एका घरात होती. बम शहराच्या वेशीत, शत्रूच्या हातून निसटताना, पूर्वजाच्या घोड्याला ठेच लागली नाही, म्हणून झंद घराणे आजही गादीवर होते. ते स्वतःला राजे म्हणवत नसत, रयतेचे वकील म्हणवत. गादीवर बसताना प्रत्येक वकिलाला, तशी फर्रुखजाद खानांनाही, एक शपथ घ्यावी लागे: रयतेतल्या कोणाकडेही मी एखादी गोष्ट एकदाच मागेन. राज्यकर्त्याने तीच विनंती पुन्हा केली की तिचा हुकूम होतो, हे त्यामागचे कारण. कारण चांगले होते. त्या शपथेने कित्येकांची शेते आणि कित्येकांच्या मुली वाचल्या होत्या.

खानांच्या पत्नीने, माहलका बानूने, अशी कोणतीही शपथ घेतलेली नव्हती. नवऱ्याचे एक वाक्य संपले की ती हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येई. "अर्दवान आगा, गेलात तर उद्या डबा घेऊन तुमच्या दारात उभी राहीन. मग शेजाऱ्यांना काय ते तुम्हीच सांगा." अर्दवान हसत टोपी खुंटीला लावत. इतकी वर्षे दर गुरुवारी ते जेवले, ते तिच्या शब्दावर. शरद ऋतूत ती गेली. त्यानंतर हिवाळाभर ते एकदाच नाही म्हणून निघून जात होते आणि मांडलेले दुसरे ताट स्वयंपाकीण गुलअंदाम मुकाट्याने उचलून नेत होती.

आज ती मुकाट राहिली नाही.

"सरकार, कोबीभात केलाय. दोघांपुरता. आजही एकट्यानेच उरकणार असाल तर आधी सांगा, मांजरीला निरोप देते."

"मी म्हणतोच की त्याला."

"म्हणता हो. पण दारावर आलेला भिकारीसुद्धा दोनदा हाक मारतो."

अर्दवानांनी घर विकले होते. उद्या सकाळच्या विमानाने ते तब्रीझला, मुलीकडे, कायमचे जाणार होते. आजचा गुरुवार शेवटचा होता.

खान फासे टाकत होते, पण लक्ष डावावर नव्हते. शपथ मोडण्याचे भय होतेच. त्याहून मोठे एक भय होते. अर्दवान माहलकाच्या मायेसाठी थांबत असेल, माझ्यासाठी नव्हे, तर? आणि दुसऱ्यांदा म्हटल्यावर तो थांबला, तर तो मित्र म्हणून थांबला की रयत म्हणून, हे कोणाला विचारायचे?

"चाल तुमची आहे, सरकार," अर्दवान म्हणाले. "की माझं विमान चुकवायचा बेत आहे?"

"हरतोयस म्हणून घाई."

"हरतोय? शाळेत असल्यापासून सोंगट्या मोजता येत नाहीत तुम्हाला."

डाव संपला. खान जिंकले. तेच वाक्य झाले, तेच उत्तर आले. अर्दवानांनी टोपी घातली.

खान त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. नारिंगाची झाडे फुलली होती आणि त्या वासाने माहलकाला दरवर्षी शिंका येत, हे दोघांनाही एकदमच आठवले असावे. कारण दोघेही थांबले. पहारेकऱ्याने सलाम करून फाटक उघडले.

"अर्दवान," खान म्हणाले, "जेवून जा."

पहारेकरी आपल्या बुटांकडे पाहू लागला.

"नको, सरकार. उगाच तुम्हाला त्रास." जन्मभराच्या सवयीने अर्दवानांची जीभ त्यांच्या आधी बोलून गेली. बोलल्यावर त्यांनाच ते ऐकू आले. त्यांचा हात फाटकावर तसाच राहिला.

"मला तो त्रास हवाय," खान म्हणाले. "चल."

"हुकूम समजू?"

"समजू नकोस. नको असेल तर जा. खरंच जा."

अर्दवानांनी फाटकावरचा हात काढला. मग शाळा सुटल्यापासून न वापरलेल्या एकेरीत म्हणाले, "हिवाळाभर मला वाटत होतं, तुला माझा कंटाळा आलाय. एकदा म्हणायचास आणि गप्प."

"शपथ होती."

"शपथ मला पाठ आहे रे. पण घरी एकट्याने शिळी रोटी चावताना ती आठवत नाही."

ते परत फिरले. दोघे जेवायला बसले. तिसऱ्या खुर्चीकडे दोघांनीही पाहणे टाळले. गुलअंदामने भांड्याच्या तळाची खरपूस खरवड सोडवून आणली आणि मोठा तुकडा अर्दवानांच्या पानात टाकला. त्यांनी तो मोडून अर्धा खानांच्या पानात ठेवला. निघताना त्यांनी खानांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. डोळे पुसायला रुमाल काढला, तो टोपीत विसरले आणि तशीच टोपी घालून गेले.

पुढच्या गुरुवारी फाशांचा पट उघडला नाही. गुलअंदामने एकच ताट मांडले.

"तूही बस, गुलअंदाम."

"नको, सरकार. माझं झालंय."

"बस ना."

ती गोंधळली. पदराशी चाळा करत म्हणाली, "खरंच झालंय हो, सरकार. भूक आवरली नाही, मघाशीच उभ्या उभ्या खाल्लं."

तिच्या ओठाच्या कडेला भाताचे एक शीत होते. ती खरेच बोलत होती. तिसऱ्यांदा म्हणण्यात आता अर्थ नव्हता.

"बरं," खान म्हणाले आणि घास घेतला. ती दारापाशी पोचली तेव्हा त्यांनी मान वर केली. "पुढच्या गुरुवारी आधी जेवू नकोस."