देवाच्या जागेला वळसा

मी एक जुना पाईप आहे. जुना म्हणजे बारा वर्षांचा, पण जमिनीखालची बारा वर्षं फार लांब असतात. नळदुर्गजवळच्या एका गावात, रणधीर मास्तरांच्या परसात मी पुरलेला आहे. मित्रांनो, माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगतो. माझ्यापायी एका म्हातारीची खोली गेली.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरी भुकटी तापवून, वितळवून मला यंत्रातून लांबच्या लांब ओढून काढलं आणि टेम्पोत घालून धाराशिवच्या एका दुकानात पाठवलं. तिथं आम्ही वीस-पंचवीस जण भिंतीला टेकून उन्हात उभे असायचो. कुणी विहिरीवर जाणार, कुणी संडासाला. संडासाला जाणाऱ्यांना आम्ही बाकीचे चिडवायचो. गुंडप्पा प्लंबरनं बोटाच्या पेरानं माझ्यावर टकटक केलं, मान डोलावली आणि मला उचललं तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

रणधीर मास्तरांनी नुकतंच स्लॅबचं घर बांधलं होतं. परसाच्या कोपऱ्यावरची खोली त्यांनी आईसाठी काढली होती, म्हणजे धुरपदाबाईंसाठी. दार लिंबाच्या झाडाकडे उघडायचं. सासरी आल्यापासून त्या म्हातारीला स्वतःची अशी जागा कधी मिळाली नव्हती. खोलीत पहिल्यांदा ट्रंक ठेवली त्या दिवशी ती म्हणाली होती, "आता म्या हितनं हालायची न्हाय. जाईन ती चौघांच्या खांद्यावरच."

अडचण एकच होती. सगळ्या स्लॅबचं पाणी नेमकं त्याच खोलीच्या पायाशी पडायचं. गावठाणातली माती पांढरी. कोरडी असली की दगडासारखी, भिजली की पिठासारखी बसते. म्हणून पाणी स्लॅबवरून घ्यायचं, जमिनीखालून न्यायचं आणि गल्लीतल्या नालीत सोडायचं, हे काम मला मिळालं. माझं एक टोक भिंतीला उभं होतं, त्यामुळे परसात घडलेलं सगळं मी पाहिलं आहे.

सरळ गेलो असतो तर चाळीस फुटांत नाली होती. पण जमिनीखाली सरळ वाट कुणाला मिळते? दहा फुटांवर लिंबाची मुळी आडवी आली. धुरपदाबाई ती तोडू देईनात, म्हणून मला पहिलं वळण दिलं. पुढं संडासाची टाकी आली, तिथं दुसरं. मग गुंडप्पाची पहार एका जागी आपटली आणि खालून पोकळ आवाज आला. तो थांबला. चहा घेऊन आलेल्या धुरपदाबाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ती मनातून चरकली होती.

मित्रांनो, तिथं पेव होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेली खोल कोठी. वर तोंड लहान, त्यावर फरशी, फरशीवर माती. पेवाचं तोंड परक्या माणसाला दाखवायचं नाही, सासूनं सुनेलाच दाखवायचं, अशी त्या घरची रीत होती. रझाकारांच्या धामधुमीत धुरपदाबाईंच्या सासूनं पेवावर उकिरडा रचला होता आणि मार खाऊनही जागा सांगितली नव्हती. त्या ज्वारीवर सगळी भावकी जगली. ते पेव रिकामं होऊन चाळीस वर्षं झाली होती. आत एक दाणा नव्हता. रिकाम्या पेवाचं काय कौतुक सांगायचं, म्हणून आपल्या सुनेला, हर्षालीलाही तिनं ते कधी दाखवलं नव्हतं. पण रीत काही तिच्या अंगातून गेली नव्हती, आणि गुंडप्पा पडला परका.

"तिथं देवाची जागा हाय," ती म्हणाली. "दोन हात पल्याडनं ने."

केवढी जागा आहे, असं गुंडप्पानं विचारलं. तिनं काठीनं परातीएवढं गोल काढून दाखवलं.

परातीएवढं ते नुसतं तोंड होतं. पेवाचं पोट खाली चांगलं खोलीएवढं पसरलेलं असतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. नवी सून असताना दोर धरून ती स्वतः आत उतरली होती. पण पोट दाखवावं तर देवाला एवढं पोट कसलं, असं गुंडप्पानं विचारलं असतं. आणि एवढासा पाईप, त्याचं ते काय ओझं, असंही तिला वाटलं असणार. गुंडप्पानं देवाचं नाव ऐकून पायातली चप्पल काढली आणि मला तिसरं वळण दिलं. तोंड चुकलं. पण माझा तो तिसरा सांधा बरोबर पेवाच्या पोटावर आला.

सुरुवातीची वर्षं माझी चैनीत गेली. कितीही पाऊस होवो, मी सगळं पाणी गटागटा पिऊन नालीत सोडायचो. शेजारीपाजारी बघायला यायचे. पावसानंतर सकाळी धुरपदाबाई खोलीच्या भिंतीवर तळहात ठेवायची आणि स्वतःशीच म्हणायची, "कोरडी हाय." ती माझी शाबासकी होती. त्याहून मोठी मला कुणी दिली नाही.

इकडे वर वेगळंच सुरू झालं होतं. देवाची जागा म्हटल्यावर हर्षालीनं तिथं एक गोटा मांडला, त्याला शेंदूर लावला. दर मंगळवारी ती तिथं तांब्याभर पाणी घालायची. कुठला देव, म्हणून तिनं विचारलं, तेव्हा धुरपदाबाई घरचाच आहे एवढंच म्हणाली आणि लिंबाकडे बघत बसली. हर्षालीच्या लेकीला, समृद्धीला डेंग्यूचा ताप चढला तेव्हा हर्षालीनं इथंच नवस केला. पोर बरी झाली. मग काय विचारता, गोट्याभोवती कट्टा झाला. खोट्याला शेंदूर लागला की ते उकरून काढणं भारी अवघड होऊन बसतं.

दहाव्या वर्षी माझा तिसरा सांधा निसटला. खालची माती दर पावसाळ्यात केसभर बसत होती, तिच्याबरोबर मीही बसत होतो. पाणी नालीत जायचं ते पेवात जाऊ लागलं. मला ते कळत होतं. पाण्याचा थेंब न् थेंब कुठं चालला आहे ते मला कळत होतं, पण मला ओरडता येत नव्हतं. पेव भरायचं, आटायचं, पुन्हा भरायचं, आणि त्याच्या भिंतीची पांढरी माती सुटून तळाशी बसायची. पेवाची कड सरकत सरकत खोलीच्या पायाखाली चालली होती.

एके सकाळी धुरपदाबाईनं भिंतीवर हात ठेवला आणि तो ओला झाला. तिनं तो पदराला पुसला.

मास्तरांनी गुंडप्पाला बोलावलं. त्यानं वरून घागरभर पाणी ओतलं, नालीत तांब्याभर निघालं. मधेच कुठंतरी फुटलाय, तिसऱ्या वळणापाशी उकरून बघावं लागेल, असं तो म्हणाला. हर्षाली कट्ट्यापुढं आडवी उभी राहिली. माझी लेक ह्या देवानं राखली, इथं पहार लावू देणार नाही, असं तिनं सांगितलं. मास्तरांनाही तिचं मोडवेना.

"आजी, तुमी सांगा," गुंडप्पा म्हणाला. "तुमी म्हणाल तर उकरतो."

सगळे तिच्याकडे बघत होते. मित्रांनो, त्या एका क्षणात सगळं वाचलं असतं. एक शब्द पुरे होता. तिनं तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं, आणि म्हणाली, "देवाच्या जागंला हात लावू नगा."

त्या वर्षी परतीचा पाऊस लई झाला. दसऱ्याच्या आधी, भर दुपारी, खोलीची फरशी खाली बसली. मागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली आणि ट्रंक, खाट, धान्याचे डबे सगळं त्या खड्ड्यात गेलं. धुरपदाबाई दाराबाहेर पायरीवर ज्वारी निवडत होती म्हणून वाचली. मला वाटतं, तिला स्वतःला तसं वाटलं नसावं.

माती बाजूला केली तेव्हा पेवाची फरशी सापडली. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, परातीएवढ्या गोलासकट. गुंडप्पा डोक्याला हात लावून बसला.  हर्षालीनं विचारलं, "आत्या, मग मी इतकी वर्षं कुणाच्या पाया पडत होते?"

म्हातारीनं मान वर केली नाही. "रिकाम्या पेवाच्या," ती म्हणाली.

आठ दिवसांनी तिला भूमला लेकीकडे पाठवलं. खोली दुरुस्त झाली की आणू, असं मास्तर म्हणाले. निघताना ती चिरलेल्या भिंतीपाशी गेली आणि तळहात ठेवून उभी राहिली. दुरुस्त होण्यासारखं काही नव्हतंच. महिन्याभरात, तिला न कळवता, खोली पाडली, पेव मुरुमानं बुजवलं. माझा भिंतीवरचा भाग कापून भंगारात दिला आणि दोन्ही तोंडांना टोपणं ठोकली. बाकीचा मी आहे तसा खाली पडून आहे. मला उकरून काढण्याइतकीही गरज कुणाला वाटली नाही.

आता मला दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं. दर मंगळवारी भूमहून फोन येतो. हर्षाली परसात येऊन बोलते, बरोबर माझ्या डोक्यावर उभी राहून. फोनचा आवाज मोठा असतो, त्यामुळे म्हातारीचा शब्द न् शब्द खाली येतो. ती औषधाचं, समृद्धीच्या शाळेचं विचारते, आणि शेवटी नेहमी तेच एक.

"माझ्या खोलीत सांजचा दिवा लावतीस न्हवं?"

 वर मोकळ्या जागेवर लिंबाचा पाला पडताना ऐकू येतो.

"व्हय आत्या. रोज लावते."

मित्रांनो, मी पाईप आहे, माझी जात बोलणाऱ्यांची नाही. मला सांधा निसटल्याचं ओरडून सांगता आलं नाही, त्याचं दुःख मी मातीत मुरवतो आहे. तुम्हाला तोंड आहे. तुमच्या घराखाली, परसाखाली काय पुरलं आहे ते म्हाताऱ्यांना विचारून घ्या, आणि तुम्हाला ठाऊक असेल ते पुढच्याला सांगा. लाज वाटली तरी सांगा, उशीर झाला असला तरी सांगा. ह्या घरात तेवढं एकच काम करायचं राहिलं होतं, आणि ते अजूनही राहिलंच आहे.