हरणाबाईच्या नावाचा रिपोर्ट

मी एक जुना रक्ततपासणीचा रिपोर्ट आहे. पांढराशुभ्र होतो, आता हळदीने पिवळा पडलोय. मित्रांनो, जुन्या वस्तू आपण केलेल्या सेवेचं कौतुक सांगतात. मला मात्र माझा राग सांगायचा आहे. मी खरं तेच बोललो, तरी माझ्यामुळे एक बाई मरणाच्या दारात गेली.

माझा जन्म १९९६ सालचा. कवठे महांकाळजवळच्या वस्तीवर मेंढपाळ जोतीरामची बायको हरणाबाई राहायची. वय अठ्ठावीस. दोन महिन्यांत ती वाळून काटकी झाली, आणि घागर रिकामी केली तरी तहान भागेना. सांगलीच्या डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू केली. मधुमेह कोणत्या प्रकारचा हे ठरवायला तिचं रक्त बर्फात घालून पुण्याला पाठवलं आणि सुई रोज चालू ठेवायला सांगून तिला घरी सोडलं. पुण्याहून मी टपालाने सांगलीला आलो.

माझ्यावरच्या तपासणीचं नाव सी-पेप्टाइड. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तेवढंच सी-पेप्टाइडही बनतं. ते मोजलं की शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळतं. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बनतं, पण ते नीट लागू पडत नाही. तिथे बहुतेकांचं गोळ्यांवर भागतं. पहिल्या प्रकारात ते बनणंच बंद पडतं. मग बाहेरून टोचून घेतल्याशिवाय माणूस जगत नाही. निरोगी माणसाचा आकडा ०.९ च्या पुढे, असं माझ्यावर छापलेलं होतं. हरणाबाईचा होता ०.१.

मला न्यायला आले तिचे थोरले दीर भाऊसो. गूळ विकायला सांगलीच्या बाजारात आले होते. डॉक्टर नेमके परगावी. सोमवारी पेशंटला घेऊन या, असं कंपाउंडरने बजावलं. पण भाऊसोंना धीर कुठला! त्यांना स्वतःला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, त्यामुळे घरात रिपोर्टातलं कळणारे तेच. साखरेचा आकडा उतरला की बरं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी माझ्यावरची इंग्रजी अक्षरं सोडली आणि आकडे तेवढे वाचले. ०.९ च्या जागी ०.१ दिसल्यावर साखरच उतरली असं त्यांनी धरलं. अरे देवा, कमी झालंय ते इन्सुलिन, साखर नव्हे! पण कागदाला तोंड कुठे असतं?

घरी गेल्यावर त्यांनी मला बिरोबापुढे ठेवलं आणि माझ्यावर भंडारा उधळला. पुरणपोळीचा निवद झाला. हरणाबाईने विचारलं, "आवं भावजी, कागदात काय लिवलंय?" भाऊसो म्हणाले, "तुला काय कळायचंय त्यातलं? उतरलंय सगळं. आता सुई बंद, माझीच गोळी घे." जोतीरामनेही मान डोलावली. सासू म्हणाली, लेकीला देव पावला. ज्याच्यात्याच्या हातून मी फिरलो, पण माझ्यावर जिचं नाव होतं तिच्या हातात मला कुणी दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात चालू लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला. मलाही बरोबर घेऊन जीपमधून सांगलीला नेईपर्यंत तिची शुद्ध हरपली. एव्हाना परतलेल्या डॉक्टरांनी माझ्यावरचा भंडारा झटकला, मला वाचलं आणि कपाळाला हात लावला. दोन दिवस सलाईन आणि इन्सुलिन चालू होतं. भाऊसो दारात उभे होते. आपली गोळी तिला चालणारी नव्हती, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं.

शुद्धीवर आल्यावर हरणाबाईने आधी पाणी मागितलं, मग मला मागितलं. डॉक्टरांनी तिला ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगितली. ती सातवी पास होती. एका ऐकण्यात तिला सगळं कळलं. मला छातीशी धरून ती दिराकडे बघत म्हणाली, "दुखणं माजं, रगात माजं, मरणार बी मीच. मग मलाच का सांगितलं न्हाई?"

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा कागद आला, तर आधी डॉक्टरांकडून समजून घ्या आणि मग तो ज्याचा आहे त्याच्यासमोर बसून त्याला सांगा. माझी एवढीच विनवणी आहे.