नणंदेचे केस

थोरली सून लोकरीच्या गिरणीत रसायनतज्ज्ञ होती. लोकर धुतल्यावर आटू नये, तिच्या कापडाची चुणी टिकावी, म्हणून कोणती प्रक्रिया करायची ते तीच ठरवी. धाकटी नणंद पहिल्या नोकरीवर रुजू होणार होती आणि आपल्या कुरळ्या केसांना वैतागली होती. पार्लरमध्ये जाते म्हणाली, तेव्हा वहिनीनेच अडवलं. केस काय नि लोकर काय, दोन्ही केराटिनच. आतले गंधकाचे दुवे सोडवायचे, केस सरळ विंचरायचे, दुवे पुन्हा जुळवायचे.

गिरणीत नमुना तपासल्याशिवाय ती लोकरीचा एक गठ्ठाही टाकीत सोडत नसे. घरी मात्र एक बटही आधी भिजवून न पाहता तिने नणंदेच्या केसांना रसायन लावलं. नणंदेने केस ब्लीच केले होते, हे तिला दिसत होतं. ब्लीचने केस आधीच अशक्त होतात, हेही ठाऊक होतं. तरी आपल्या हातावर तिचा फार भरवसा.

धुताना केस ओल्या शेवयांसारखे ताणले गेले आणि मुठीत आले. माथ्यावर बोटभर खुंट उरले. नणंद आरशात बघत उभी राहिली.

तेवढ्यात सासूबाई बाजारातून आल्या. वहिनीने तोंड उघडायच्या आत नणंद म्हणाली, "स्वस्तातली बाटली आणली होती. मीच लावली."

सासूबाईंनी तिला फैलावर घेतलं. "घरात एवढी शिकलेली वहिनी आहे. तिला विचारायला काय जीभ झडली होती?"

वहिनी हातात टॉवेल धरून उभी होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तिने नणंदेचं खोटं चालू दिलं. जेवताना सासऱ्यांनीही तेच ऐकवलं, पोरीने वहिनीकडून काहीतरी शिकावं म्हणाले. तेव्हा तिने हातातला घास ताटात ठेवला.

"आई, तिने नाही, मी केलं," ती म्हणाली. "ती माझ्यासाठी खोटं बोलली."

सासूबाईंनी मान वर केली नाही. नणंद मात्र ताटावरून उठली. "मी सांभाळून घेतलं होतं ना? सांगायचंच होतं, तर दुपारभर मला पडणारी बोलणी का ऐकत बसलीस?"



दुसऱ्या दिवशी नणंद न्हाव्याकडे जाऊन केस अगदी बारीक करून आली. वहिनी दारातच माफी मागू लागली, तर तिने डोकं पुढे केलं.

"हात फिरवून बघ. मऊ लागतात."

वहिनीचा हात काही उचलला गेला नाही.