गुडघे टेकले की गैरहजर

राजधानी लिलोंग्वेतल्या एका परदेशी संस्थेच्या कचेरीतून फेलिक्स चिंखांद्वे चाळीस टॅब घेऊन आला, तेव्हा शाळेत खडूचा तुकडा नव्हता. आठवीला शिकवणाऱ्या माई कामवेंडोंनी आधी खडू मागितला. तो हसून म्हणाला, खडूचे दिवस भरले. माई मनात म्हणाल्या, मेल्या, तुझेच भरलेत. तोंडाने मात्र 'बरं' म्हणाल्या, कारण त्या टॅबांमागून एक खरीखुरी गोष्ट येत होती. टॅबवर सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्या आठवीतल्या एका मुलीला देड्झाच्या माध्यमिक शाळेत वसतिगृहासकट जागा मिळणार होती, चारही वर्षं फुकट.

जागा कुणाला जाणार हे माईंना कुणी सांगायची गरज नव्हती. तियामिकेला. टोपल्या विणणाऱ्याची तिसरी पोर. थोरल्या दोघी आठवी झाल्या आणि लग्न होऊन गेल्या. ही वाचली तर त्या जागेमुळेच वाचणार होती. गणितात ती माईंच्याही चुका काढायची, पण काढायची गुडघ्यावर बसून, नजर खाली ठेवून. थोरांशी उभ्याने बोलते ती मुलगी बिनवळणाची, हे माईंनी दोन पिढ्यांना छडी उगारून शिकवलं होतं.

फेलिक्सला कुणा उंटावरच्या शहाण्याने सांगितलं होतं की, मुलांना शिकवणारं माणूस आपलं वाटलं पाहिजे. म्हणून टॅबमध्ये त्याने बसवली गावच्याच अगोगो नामोयोंना, मुखियाच्या म्हाताऱ्या आईला. चेहरा तिचा, आवाज तिचा. सकाळी टॅब लावला की सगळ्या गावाची ही अगोगो, म्हणजे आजी, विचारायची, "नीट उठलीस का गं बाई?" आणि त्याच घटकेला टॅब बाकावरच्या मुलीचा फोटो काढून हजेरी मांडायचा आणि ती थेट कचेरीत धाडायचा. फोटोत चेहरा नसेल तर मुलगी गैरहजर. आणि गैरहजर मुलीची दिवसभराची उत्तरं मोजायची नाहीत. काय ती अक्कल!

अगोगोचा आवाज आला की तियामिके बाकावरून उतरायची आणि गुडघे टेकून उत्तर द्यायची. मग उठून बसायची आणि सगळी गणितं सोडवून मोकळी व्हायची. बाकीच्या पोरींना आठवड्याभरात कळलं होतं की ही अगोगो डब्यातली, हिच्यापुढे बसून राहिलं तरी ती घरी चुगली करत नाही. तियामिकेलाही ते कळत होतं. पण आवाज अगोगोचा होता, आणि तिला बसवेना. माईंनी तिला कधी हटकलं नाही. उलट वर्गाला सांगितलं, हिच्याकडून शिका.

सत्र संपलं आणि यादी आली. तियामिके, सत्तर दिवसांपैकी हजर शून्य, गुण शून्य. जागा मिळाली मुख्याध्यापकांच्या भाचीला, लव्हनेसला. नऊ आणि सात मिळवायला तिला बोटं पुरत नसत, पण टॅबकडे तोंड वासून बघत बसायचं तिला छान जमायचं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

माई आपलं हजेरीबुक घेऊन फेलिक्ससमोर उभ्या राहिल्या. सत्तरच्या सत्तर दिवस त्यांच्या हातची खूण होती. तो म्हणाला, हाताने लिहिलेलं खोटं असू शकतं. तेव्हा माईंनी तियामिकेला बोलावलं आणि टॅब लावला. अगोगोने विचारपूस केली, पोर बाकावरून उतरली, गुडघे टेकून म्हणाली, हो अगोगो, नीट उठले. टॅबने रिकाम्या बाकाचा फोटो काढला आणि फेलिक्सच्या फोनवर लाल अक्षरं आली: गैरहजर.

"दिसली का तुम्हाला ही?" माईंनी विचारलं.

"मला दिसली, माई. सिस्टीमला नाही दिसली."

"मग तुम्हाला पगार कशाचा देतात?"

फेलिक्सने मान खाजवली. यादी समुद्रापार गेली, म्हणाला, गेलेली यादी परत येत नसते. मग एकाएकी त्याचा चेहरा फुलला. त्याने टॅब उचलला आणि खाली जमिनीवर, तियामिकेच्या गुडघ्यांपुढे ठेवला. अगोगोने पुन्हा विचारलं, पोरीने पुन्हा उत्तर दिलं, आणि हिरवी अक्षरं उमटली. हजर. अडचण सुटली म्हणून हा बाबा टाळ्या पिटत होता! फोनवर त्याने तिचे दहा-बारा फोटो काढले. एकाहत्तर दिवसांत एक दिवस हजर. माईंना त्याची किळस आली, आणि स्वतःचीही. टॅब खाली ठेवायला त्यांचे हात काय मोडले होते? त्या सत्तर दिवस पोरीच्या वळणाचं कौतुक करत बसल्या होत्या.

चार महिन्यांनी फेलिक्स दोन गोऱ्या पाहुण्यांना घेऊन आला. हातात गुळगुळीत कागदाचा वार्षिक अहवाल होता. मुखपृष्ठावर टॅबपुढे गुडघे टेकलेली तियामिके, आणि खाली परक्या भाषेत, मोठ्या अक्षरांत: 'इथे कुणीच मागे राहत नाही.' ती शाळेच्या आवारातच होती, बापाने विणलेल्या टोपल्या स्वयंपाकघरात पोचवायला आलेली. माईंनी तिला मुखपृष्ठावरच्या ओळीचा अर्थ सांगितला, काही न लपवता.

फेलिक्सने टॅब जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "ये गं, तशीच बस. पाहुण्यांना फोटो हवाय."

तियामिके जागची हलली नाही. उभ्याने, त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मी गैरहजर आहे, साहेब."

उरलेल्या टोपल्या तिने डोक्यावर घेतल्या आणि ती फाटकाबाहेर पडली. फेलिक्स पाहुण्यांकडे बघून ओशाळं हसला आणि माईंना हळूच म्हणाला, पोरी फार उद्धट झाल्यात हल्ली. माईंनी आयुष्यात पहिल्यांदा अशा पोरीला हाक मारून परत बोलावलं नाही.