सतराव्या पानावरची वाचनखूण

मी एक जुनी वाचनखूण आहे. थोर साहित्याचा भार माझ्या खांद्यावर आहे, हे मी नम्रपणे सांगते. गेली काही वर्षे तो सतराव्या पानावर होता.

मित्रांनो, माझा जन्म काकूंच्या फाटक्या पर्समधून झाला. चामड्याची पट्टी कापून त्यांनी टोकाला लाल गोंडा लावला. त्यांच्या हाती मी पुस्तकांमागून पुस्तके ओलांडली. धाप लागायची, पण जीव रमायचा. पुढे काकांनी उशीएवढी एक कादंबरी आणली आणि मला मागून घेतले. तिथे माझा गोंडा चपटा झाला.

या घरात रविवारच्या चहाला प्रत्येकाने आपला नवा शोध सांगायचा: पुस्तक, गाणे नाहीतर सिनेमा. काका दर वेळी म्हणत, "काय खोली आहे त्या कादंबरीला!" काकूंचे भाऊ, म्हणजे काकांचे मेहुणे, मान डोलावत. "म्हणून तर मी दोनदा वाचली, भाऊजी." मी आतल्या आत शरमेने दुमडत असे.

एका रविवारी पुतणीने जाहीर केले, "काका, मीपण वाचली! तुम्हाला शेवट कसा वाटला?"

काकांनी कप घाईने बशीत ठेवला. "मामांना विचार. त्यांनी दोनदा वाचलीय."

"छे छे, पहिला मान घरच्यांचा," मेहुणे बिस्किटाकडे बघत म्हणाले.

पुतणी वाट बघत राहिली. काकांची सगळी अब्रू माझ्या गोंड्याला लटकली होती. अखेर त्यांनी कादंबरी उघडून मला दाखवले. "इथवर आलोय गं."

"सतरा?" मेहुणे ओरडले. "बरीच मजल मारलीत की! माझ्या प्रतीचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही."

"हुश्श!" काकू म्हणाल्या. "मग मीपण सांगून टाकते. मागे मी इथे वाखाणला तो काळापांढरा सिनेमा आहे ना, त्यात मी झोपले होते. दिवे लागले तेव्हा उठले."

आता सगळे पुतणीकडे वळले.

"मी फक्त शेवटचंच पान वाचलंय," ती म्हणाली.

इतके मोकळे हसू त्या चहाला कधी लाभले नव्हते.

संध्याकाळी काकांनी मला एका पातळ रहस्यकथेत ठेवले. गोष्ट चोरीला गेलेल्या हाराची होती. जेवणाची हाक येईपर्यंत मी अर्ध्यावर पोहोचले. गोंड्याला पुन्हा वारा लागला.

मित्रांनो, एखादे पुस्तक झेपले नाही तर खुशाल मिटा. पण आम्हाला आत अडकवून ठेवू नका. शेवट आम्हालाही बघायचा असतो.

हार माळ्याने चोरला होता.