घुबड बोललं आणि विरघळलं

श्रुतिकाच्या एम.ए.च्या प्रोजेक्टचे सगळे मार्क एका घुबडावर टांगलेले होते. ते घुबड तिच्या बापाने, गुणाजीने, मुलुंडच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात घडवलं होतं.

अँडीज डोंगरांतल्या जुन्या लोकांच्या विधीतल्या भांड्याची ती नक्कल. दोन पोटं, मध्ये नळी, वर घुबड. पाणी भरून कलंडवलं की आतली हवा दाबली जाऊन शिट्टी वाजते. फक्त डोळे आखताना गुणाजीचा हात सवयीने वळला आणि घुबड बाप्पासारखं प्रसन्न दिसायला लागलं.

"हे मोदक मागतंय काय?" बाहेरून आलेले परीक्षक मिहिर सर म्हणाले. पार्ल्याच्या कॉलेजातला अख्खा वर्ग खिदळला.

श्रुतिका हलली नाही. "सर, आपल्याकडे घुबड अशुभ. तिथे ते योद्ध्यांचं, मेलेल्यांच्या जगाशी नातं असलेलं. पाणी हललं की त्याला कंठ फुटायचा."

तिने भांडं कलंडवलं. हूऊऊ!

वर्गाने माना उंचावल्या. सरांचे डोळे मात्र बारीक झाले. "आत स्पीकर लपवलायस ना? नसेल तर सिद्ध कर, नाहीतर शून्य."

"स्पीकर?" भांडं पोचवायला सोबत आलेला गुणाजी दाराशी उसळला. "ओ सर, माती आहे ती!"

कुणी ब्लूटूथवरून आवाज सोडू नये म्हणून सरांनी सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. मग स्वतः भांडं घेऊन कलंडवलं. हूऊऊ! पुन्हा. हूऊऊ! कान लावला, हलवलं, पंधरा मिनिटं झाली. आणि घुबडाचा एक कान अलगद सरांच्या हातात आला.

"बाबा, तू भाजलं नाहीस?"

"गणपती कोण भाजतं गो?"

तीस वर्षं गुणाजीने शाडू उन्हात वाळवला, रंगवला आणि पाण्यात जाऊ दिला. भट्टी त्याच्या डोक्यातच आली नव्हती. आता चोच गळली, प्रसन्न डोळे ओघळले, आणि दोन्ही पोटं फसकन सरांच्या पांढऱ्या शर्टावर बसली.

"वाट लागली," गुणाजी पुटपुटला.

सर कोपरापर्यंत चिखलात. चाचपलं, कालवलं, पिळलं. वायर नाही, बॅटरी नाही. सापडली ती गुणाजीने आत बसवलेली, गावच्या जत्रेतली भाजक्या मातीची शिट्टी. सरांनी ती पुसली आणि फुंकली.

हूऊऊ!

"च्यायला, खरंच नुसती हवा!" सर म्हणाले. "पोरी, असा पुरावा मी जन्मात पाहिला नाही. पैकीच्या पैकी!"

मागून कुणीतरी "मोरया!" ओरडलं, वर्ग गरजला, आणि सरांनी कुणी न सांगता शिट्टी पुन्हा तोंडात घातली.